सेम्बावांगचा गोल

कुणी विश्वास ठेवा अगर ठेवू नका. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं, ती मीच आहे. ऐकीव गोष्ट नाही ही.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. शनिवारची दुपार. जागा, सिंगापूरमधलं सेम्बावांगचं हॉकीचं मैदान.

हो, दुपारच. रात्र नव्हती. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मी निशिगंधा. रॅफल्स प्लेसला एका बँकेत अकाउंट्स बघते. नवरा चंद्रशेखर आयटीत. आम्ही वुडलँड्सला राहतो. आमची आर्या तेरा वर्षांची, सेम्बावांगच्या एका क्लबच्या ज्युनियर हॉकी टीममध्ये गोलकीपर होती.

सिंगापूर म्हणजे तरी काय, नदीच्या मुखाशी वसलेलं एवढंसं शहर. त्यातही हा क्लब अगदी उत्तरेच्या टोकाला. मैदानाच्या मागे खारफुटी, आणि तिच्यातून जाणारी एक अरुंद, मातकट नदी. क्लब जुना. कितीतरी वर्षं ज्युनियर मुली तिथे खेळत आल्यात. आया खेळल्या, मग त्यांच्या मुली खेळल्या.

त्या दिवशी प्रॅक्टिस बघायला मी एकटीच पालक होते.

आभाळ गच्च भरून आलं. नदीवरून गार वारा सुटला.

आणि विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला.

इथे हा नियम कडक आहे. भोंगा झाला की मैदान रिकामं करायचं. सगळ्या मुली स्टिका घेऊन शेडकडे पळाल्या. पाऊस कोसळायला लागला. मी आर्याला शोधत होते.

आर्या आली नव्हती...

ती गोलमध्येच उभी होती. हेल्मेट, पायाला पॅड, हातात स्टिक. जागची हलत नव्हती.

"आर्या! आत ये!" मी ओरडले.

तिने नुसती मान हलवली.

शेवटी कोच फरीदा भर पावसात धावत गेल्या. स्वतःच्या स्टिकने आर्याच्या पॅडवर टक् असं वाजवलं, काहीतरी बोलल्या आणि तिला ओढतच घेऊन आल्या.

मी भडकले. "वीज पडली असती म्हणजे? कळतं का तुला काही?"

"आई, असं सोडून यायचं नसतं," आर्या कुडकुडत म्हणाली. "दुसरी कीपर येते, पॅडला स्टिक लावते, 'मी आले' म्हणते. मगच निघायचं. आमच्या ज्युनियर्सचं ट्रॅडिशन आहे ना!"

"आणि दुसरी कीपर आज आलीच नाही," बाजूची एक मुलगी हसत म्हणाली.

फरीदा हसल्या नाहीत. "ह्या इशाऱ्याच्या वेळी ते चालत नाही, किती वेळा सांगितलं," एवढंच बोलल्या.

आर्या नखशिखांत भिजली होती. तिचा टॉवेल चेंजिंग रूममध्ये होता. "थांब, मी आणते," म्हणत मी निघाले. फोन, पर्स, सगळं तिच्याजवळच राहिलं.

चेंजिंग रूम शेडच्या मागे, चार पावलांवर. आत लॉकर्सच्या रांगा, बाक, ओल्या कपड्यांचा कुबट वास. टॉवेल समोरच दिसला. मी तो उचलला.

मागे दार लागलं.

वाऱ्याने असेल, असं वाटलं. मी हँडल फिरवलं. फिरलं... पण दार हललं नाही.

ओढलं. ढकललं. खांदा लावला. काही उपयोग नाही.

"आर्या! कोच! दार उघडा!"

मी दारावर थापा मारल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं... मुलींचा आवाज येत नव्हता. आत्तापर्यंत तर नुसता किलबिलाट चालला होता. पावसाचाही आवाज नव्हता. पत्र्यावर एवढा पाऊस पडतोय आणि आवाज नाही?

फक्त भोंगा ऐकू येत होता. तोही लांबून... पाण्याखालून आल्यासारखा.

मग दिवे गेले.

वरच्या झडपेतून थोडा उजेड येत होता. मी बाकावर चढून बाहेर बघितलं. मैदान दिसत होतं. रिकामं, पाण्याने चमकणारं.

आणि गोलमध्ये कुणीतरी उभं होतं...

ही पोरगी परत गेली?

"आर्या!"

ती आकृती हळूच माझ्याकडे वळली. आर्या नव्हती. तिच्याहून लहान. डोक्याला हेल्मेट नाही. पायाला जाडजूड, मळकट पांढरे पॅड, जुन्या काळचे. केसांतून पाणी निथळत होतं.

वीज चमकली. माझे डोळे मिटले गेले.

उघडले तेव्हा गोल रिकामा होता.

सर्र... सर्र...

फरशीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज. ओले, जड पॅड घालून चालल्यासारखा.

आवाज बाहेरून येत नव्हता.

लॉकर्सच्या मागून येत होता.

मी बाकावरून उतरले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. त्या लॉकर्समागे दुसरं दार नाही, हे मला माहीत होतं. खिडकी नाही. आत यायला जागाच नाही.

आवाज थांबला.

"आंटी..."

लहान मुलीचा आवाज. इथल्याच मुलींसारखं इंग्रजी. थकलेला, समजूतदार आवाज.

"आंटी, सगळ्या पळाल्या. मी थांबले. सोडून यायचं नसतं ना?"

मी दाराला आणखी चिकटले.

"कुणी आलंच नाही."

अथर्वशीर्ष म्हणायचा प्रयत्न केला. रोज म्हणते, तरी पहिली ओळसुद्धा आठवेना. हाताने मागे हँडल चाचपडत होते. बर्फासारखं गार लागत होतं.

"आंटी, तुम्ही येता का माझ्या जागी?"

त्या आवाजात धमकी नव्हती, हो. खरं सांगते. कुणीतरी पाणी मागावं तसं तिने विचारलं. मला रडू फुटलं. तरीही मी तोंडातून शब्द काढला नाही.

भोंगाही थांबला. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

मग ती म्हणाली, "बरं. मग आर्याला विचारते."

सर्र... सर्र... आवाज दाराच्या दिशेने यायला लागला. माझ्या दिशेने.

"नाही!" मी किंचाळले. "तिला नाही! मी आले! मी आले!"

माझ्या गुडघ्यावर काहीतरी लाकडी आपटलं.

टक्.

दार उघडलं आणि मी पाठमोरीच बाहेर कोसळले.

सगळे आवाज एकदम कानावर आले. पाऊस, मुली, भोंगा. आर्या धावत आली. "आई, काय झालं? आत्ता तर गेलीस!"

"दार लागलं होतं... किती हाका मारल्या..."

कोच फरीदांनी मला बाकावर बसवलं. मी दाराकडे बघितलं. दोन्ही बाजूंनी ढकलता येणारं, हलकं, झुलतं दार होतं ते. त्याला हँडलच नव्हतं.

मी फरीदांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती कोण, असं त्यांनी विचारलं नाही. मला भास झाला, असंही म्हणाल्या नाहीत.

एवढंच विचारलं, "तुम्ही उत्तर काय दिलंत?"

मी सांगितलं.

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि सोडून दिला. पुढे कितीही विचारलं तरी त्या बोलल्या नाहीत. आर्याचं नाव त्यांनी स्वतःच शाळेजवळच्या दुसऱ्या टीममध्ये घातलं. आता ती फॉरवर्ड खेळते. मजेत आहे.

चंद्रशेखर म्हणाला, "उपाशी होतीस, चक्कर आली असेल." मीही तेच धरून चालले.

मग फेब्रुवारीत माझ्या आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. पुण्याला. तिकीट काढलं, चांगी विमानतळावर पोचले. इमिग्रेशनपर्यंत व्यवस्थित गेले. आणि तिथे माझे पाय थांबले.

थांबले म्हणजे थांबलेच. कमरेखालून दगड झाल्यासारखे. मागे वळले की चालत होते. पुढे नाही. मागची माणसं कुरकुरत होती, चंद्रशेखर ओढत होता, मी रडत होते. विमान गेलं.

डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. गोळ्या दिल्या.

आईजवळ माझा भाऊ अभय एकटाच होता.

एप्रिलमध्ये चंद्रशेखर म्हणाला, आपण बसने पलीकडे मलेशियात, जोहोरला तरी जाऊन येऊ. आमच्या घरातून तिकडे जाणारा पूल दिसतो. लोक भाजी आणायला जातात तिकडे. तिथेही हद्दीपाशी तेच झालं. त्या दिवसापासून तो चक्कर, उपास असलं काही बोलत नाही. रात्री नुसता माझ्याकडे बघत पडून असतो.

आई आता बरी आहे. पण थकली आहे खूप. काल व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "निशू, कधी येतेस गं? एकदा बघू दे तुला."

सुट्टी मिळाली की येते, असं म्हणायचं होतं मला.

मी म्हणाले, "कुणी आलं की येते."

आईला वाटलं, मी ऑफिसबद्दल बोलतेय. बरं म्हणाली ती.