विसावी गोवरी

शाळा टिकली तर कुन्झेस मॅडमच्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब शुनथांगच्या बायकांनी नदीवर कपडे धुताना केव्हाच मांडून ठेवला होता. दक्षिणेच्या खिडकीची वर्गखोली, जिथे ऑक्टोबरातही दुपारभर ऊन पाय पसरून बसतं. लग्नाकार्यात चुलीशेजारची जागा, आणि चहात लोण्याचा पहिला गोळा. खालच्या मोठ्या शाळेत सहा बायांत सातवी होऊन राहण्यापासून सुटका. आणि आईचं घर. हे शेवटचं बायका जरा आवाज उतरवून म्हणत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी कुन्झेस दर शनिवारी तिचं अंथरूण उन्हात घालायची. बदली झाली असती तर त्या दाराला कुलूप लागलं असतं, आणि झांस्करात कुलूप लागलेलं घर दोन हिवाळ्यांत बसतं.

म्हणजे मिळकत भरपूर होती. खर्चाच्या बाजूला मात्र कुणी काही धरलं नव्हतं.

अट एकच होती. तपासणीच्या दिवशी वीस मुलं हजर पाहिजेत. एकोणीस भरली तर शाळेला टाळं, आणि मुलं दोन दिवसांच्या वाटेवरच्या वसतिगृहात. शुनथांगात मुलं वीसच होती, एक कमी नाही की एक जास्त नाही. आणि सप्टेंबर सरता सरता चोरोलचा बाप बायको-मुलगी घेऊन लेहला गेला, टॅक्सी चालवायला. खिंड बंद व्हायच्या आत, म्हणजे तीन आठवड्यांत, तपासणीचे साहेब येणार होते.

कुन्झेसने हजेरीपटातून चोरोलचं नाव खोडलं नाही. नाव खोडायला लाल शाई लागते आणि ती संपली आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. अर्धी बाटली कपाटात होती.

त्या शाळेत हजेरी डोकी मोजून घेत नसत. प्रत्येक मुलाने घरून शेगडीसाठी एक गोवरी आणायची, दाराशी ठेवलेल्या खोक्यात टाकायची आणि आत जायचं. जो विसरेल त्याने दिवसभर दाराच्या फटीजवळ बसायचं, म्हणून कुणी विसरत नसे. कुन्झेस खोक्यातल्या गोवऱ्या मोजायची. मुलं हलतात, गोवऱ्या हलत नाहीत, असं तिचं म्हणणं, आणि बारा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. शाळेत दुसरा हिशेबनीस होता मेमे तुंडुप. मेमे म्हणजे आजोबा. तो सगळ्या गावाचाच होता. शाळेचा स्वयंपाक, म्हणजे रोजचा शेवयांचा थुक्पा, करायचा. लिहिता येत नसल्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायचा, जेवायला आलेल्या प्रत्येक मुलाची एक आखूड, आणि मॅडमच्या थुक्प्याच्या वाडग्याची शेवटी एक लांब.

चोरोल गेल्याच्या दुसऱ्या सकाळी कुन्झेसने खोकं मोजलं, पटावर वीस लिहिलं आणि प्रार्थनेला उभी राहिली. प्रार्थना अर्धी झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

तिने परत मोजलं. गोवऱ्या वीस. डोकी एकोणीस.

कुणी दोन आणल्या, असं विचारलं तर कुणीच हात वर करेना. मागच्या बाकावरून डिस्कित म्हणाली की नोर्फेलनेच आणली असणार, त्याला गणितात पास व्हायचंय. नोर्फेल म्हणाला, पास व्हायला तेवढ्याने भागत नाही, अख्खी गाय लागेल. वर्ग हसला, मॅडमही हसल्या. विषय तिथेच संपला असता, पण गोवऱ्या शेगडीत घालताना मेमेचा हात थबकला.

शुनथांगात गोवरीवरून घर ओळखतात. थापणारीचा पंजा उठलेला असतो. या गोवरीवर चार बोटं सरळ होती आणि करंगळी आकड्यासारखी वळलेली.

"कुणाच्या घरची, मेमे?"

"तुला कळत नाही होय?"

कळलं होतं. तिच्या आईची करंगळी गोठ्याच्या अडसराखाली सापडली होती, कुन्झेस दुसरीत असताना. तेव्हापासून घरच्या प्रत्येक गोवरीवर तो आकडा असे.

"कुठल्यातरी भिंतीवर राहिली असेल जुनी," ती म्हणाली.

"सहा वर्षं?"

"शेण आहे, मेमे. लोणी थोडंच आहे खवट व्हायला."

मेमेने गोवरी नाकाशी नेली आणि शेगडीत सारली. त्या दिवशी खोली इतकी उबदार झाली की मुलांनी टोप्या काढल्या.

दुसऱ्या दिवशीही वीस. तिसऱ्या दिवशीही. आकडा एकीवरच असायचा, करंगळीचा. कुन्झेस एकदा पहाटेपासून खोक्याजवळ उभी राहिली. एकोणीस मुलांनी एकोणीस टाकल्या, आणि मोजायला वाकली तर वीस.

एरवी ते आठवडे शाळेला फार सुखाचे गेले. स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती, कारण साहेब त्याच दिवशी यायचे होते. मुलींनी भित्तिपत्रक लावलं, त्यात मेमेच्या थुक्प्यावर टीका होती आणि खाली मेमेचा निषेधाचा अंगठा. चेंडू नदीत गेला की लाथ मारणाऱ्यानेच उतरून आणायचा, या नियमामुळे नोर्फेल अर्धा खेळ उतारावरच असायचा. काचघरातल्या पालकाच्या वाफ्याला पाणी घालायची पाळी दोघीदोघींची.

सगळ्याच गोष्टी जोडीने नीट बसत होत्या, ही खरी गंमत. नाचाला जोड्या लावल्या तेव्हा कुन्झेसला धास्ती होती की एकोणिसावं मूल रडत उभं राहील. ढोल सुरू झाला. तिने मोजलं, दहा जोड्या. कुणीही उरलं नव्हतं. ढोल थांबल्यावर तिला दिसलं की डिस्कितचा हात आपल्या हातात आहे आणि आपल्याला धाप लागली आहे.

"तुम्ही बरं नाचता की, मॅडम," डिस्कित म्हणाली. मग जरा विचार करून, "पण डावा पाय चुकवता."

लहानपणी कुन्झेस डावाच पाय चुकवायची.

त्यानंतर कोटाच्या बाह्या सैल झाल्या. इतक्या, की खडू धरायला दुमडाव्या लागत. धुण्याने झालं असेल, असं ती म्हणाली. पण लोकर धुतली की आटते, सैल होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग फळ्याची वरची ओळ हाताला येईना. फळा कुणी वर टांगला म्हणून तिने मेमेला झापलं. मेमेने तिला भिंतीवरचे खिळे दाखवले. बारा वर्षांचा गंज चढलेले होते, जागचे हललेले नव्हते.

"पोरी," मेमे म्हणाला, "वीस व्हायला हवीत हे खरं. पण विसावं कुठून येतंय, तेवढं एकदा बघ."

"होतायत ना वीस?"

"होतायत."

"मग मोजणाऱ्याने तोंड उघडू नये. चार दिवस राहिलेत."

 मेमे चुलीकडे वळला, आणि लाकूड फुंकताना डोळ्यांत धूर गेला म्हणाला. धूर मुळीच नव्हता.

खरं सांगायचं तर तिला त्रास असा काहीच नव्हता. रात्री गाढ झोप लागे. सकाळी उठल्यावर पाठदुखी नसे. हजेरीपटाची, वरच्या कार्यालयाच्या पत्रांची, खिंडीतल्या बर्फाची जी काळजी बारा वर्षं छातीवर बसून होती, ती एकेक करून उठून गेली होती. मधल्या सुट्टीत ती उन्हाच्या भिंतीला टेकून मुलींबरोबर सागरगोटे खेळू लागली. एकदा नोर्फेल लांबून ओरडला, "कुन्झे, चेंडू टाक!" तिने चेंडू टाकला. रागवायचं राहून गेलं, ते संध्याकाळी आठवलं. नंतर तेही आठवेना.

तपासणीची सकाळ स्वच्छ उजाडली. शाळेची चढण चढताना कुन्झेसला जाणवलं की आपल्या कोटाच्या आत, छातीशी, काहीतरी धरलेलं आहे. गोवरी होती. घरातून निघताना कुणीतरी हातात दिली होती आणि मफलर नीट गुंडाळला होता. कोणी, ते तिने आठवून बघितलं. गोवरी एका कडेला अजून ओलसर होती.

तिने ती खोक्यात टाकली आणि आत गेली.

साहेब दहाला आले. जाडजूड, धापा टाकणारा, मनाने वाईट नसलेला माणूस. मेमेने त्यांना चहा दिला. साहेबांचा गोवऱ्यांवर विश्वास नव्हता, त्यांनी डोकी मोजली. बोट नाचवत, ओठ हलवत, दोनदा.

वीस.

मग हजेरीपट उघडून एकेक नाव वाचलं. नोर्फेल हजर. डिस्कित हजर. नावं सरत आली. जिथे चोरोलचं नाव होतं तिथे साहेब थोडे अडखळले, कारण अक्षर गिचमिड होतं.

"कुन्झेस."

"हजर, साहेब."

तिचा आवाज बारीक आणि खणखणीत निघाला. तिला बरं वाटलं.

साहेबांनी खूण केली. पट मिटला. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बाकावर तिच्या आणि डिस्कितच्या मध्ये. शेगडीत काहीतरी तडतडलं.

"छान. शाळा चालू राहील," साहेब म्हणाले. "आता तुमच्या मॅडमना बोलवा. सही हवी."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं.

"आत्ता इथेच होत्या," नोर्फेल म्हणाला.

कुन्झेसने वळून दाराकडे पाहिलं. मॅडम कुठे आहेत ते तिला माहीत होतं, अगदी जिभेवर होतं. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही अशी मॅडमची शिकवण होती, आणि साहेबांनी तिला विचारलं नव्हतं.

साहेबांनी अर्धा तास वाट पाहिली. मग मेमेला साक्षीला उभं केलं. मेमेचा अंगठा शाईत बुडाला, पण कागदावर टेकायला फार वेळ लागला. न कळवता गैरहजर, असं साहेबांनी लिहिलं, आणि उन्हाळ्यात नवीन बाई पाठवू म्हणाले.

मग नाच झाला. दहा जोड्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि खिंडीचा विचार करून लवकर निघाले.

दुपारी मुलं वाडगे घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी रांगेत उभी राहिली. कुन्झेस सगळ्यात शेवटी होती. मेमेने तिच्या वाडग्यात थुक्पा ओतला, इतरांपेक्षा एक पळी जास्त, आणि तिच्याकडे न बघता भिंतीवर कोळशाची रेघ ओढली. आखूड.

तिने वर पाहिलं. कालपर्यंतच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लांब रेघ होती. आजच्या ओळीत वीस आखूड रेघा होत्या, आणि मेमेने कोळसा खाली ठेवला होता.

ती लांब रेघ कुणाची असायची, हे विचारावं असं तिच्या मनात आलं. पण थुक्पा गरम होता, आणि बाहेर उन्हात डिस्कितने तिची जागा धरून ठेवली होती.