कोरडी फेरी

खोलीत एक पलंग होता, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवरच्या फळीवर एकोणीस पुस्तकं आणि एक वही. टेबलावर दादाचा संगणक होता आणि त्याच्यापुढे निळ्या चिकटपट्टीची एक फुली. मायक्रोफोन त्या फुलीवर असायचा, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकापासून बरोबर चाळीस सेंटीमीटरवर. मायक्रोफोन आता नव्हता. संगणकात ‘शांतता’ नावाचा एक फोल्डर होता आणि त्यात चारशे बारा फाइली. प्रत्येक दहा सेकंदांची, प्रत्येकीचा आकार नऊ लाख साठ हजार चव्वेचाळीस बाइट. धाकटीने, त्याच्या बहिणीने, दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेवढ्याच भरल्या.

दादाला जाऊन पाच आठवडे झाले होते.

तो कानाची यंत्रं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. यंत्र किती आवाज पकडतं हे कळायचं, तर आधी खोली किती गप्प आहे हे मोजावं लागतं. ती मोजणी तो घरीही करायचा. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी संगणक आपोआप दहा सेकंद ध्वनिमुद्रण करी, आणि दादा तेवढा वेळ खुर्चीत जराही न हलता बसे. मग वहीत तारीख, आवाजाची पातळी आणि शेवटी ‘श्वास : २’ असं लिही.

“शांतता मोजतोस, तर श्वास तरी रोखून धर की,” धाकटीने एकदा म्हटलं होतं.

“श्वास रोखलेला माणूस म्हणजे शांतता नाही गं. तो मुडदा.”

त्याचा श्वास मोजायला यंत्राचीही गरज नव्हती. श्वास आत घेताना त्याचं नाक बारीक शिट्टी वाजवायचं. तो नऊ वर्षांचा असताना झोपाळ्याची फळी लागून त्याचं नाक मोडलं होतं, आणि झोपाळ्यावर चार वर्षांची धाकटी होती. “तुझी भेट आहे ही, जन्मभर वाजवतोय,” तो म्हणायचा. शिट्टीचा आलेखही त्याने काढला होता : एकवीसशे हर्ट्झवर एक बारीक रेघ. आईची खोली भिंतीपलीकडे. चोवीस वर्षं ती त्या शिट्टीच्या नावाने बोटं मोडत झोपी जात होती.

आता तिला झोप येत नव्हती.

“त्याचं बोलणं नको मला,” सोमवारी ती म्हणाली. “बोलणं आठवतंय. ती शिट्टी ऐकव. तुमच्या त्या डब्यात आहे म्हणालीस ना?”

“चारशे बारा आहेत.”

“मग लाव एक.”

“आधी प्रत काढते, आई. शुक्रवारी मशीन न्यायला येणार आहेत. मूळ फाइलीला हात लावायचा नसतो. प्रत काढायची आणि प्रत ऐकायची.”

“हे त्याचंच वाक्य,” आई म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली.

मशीन प्रयोगशाळेचं होतं. बाहेरची कुठलीही डिस्क त्याला जोडता येऊ नये म्हणून त्याच्या सगळ्या खाचा बंद केलेल्या. फाइली काढायच्या तर घरातल्या वाय-फायच्या जाळ्यावरूनच, धाकटीच्या संगणकावर, आरसिंक नावाची आज्ञा टाइप करून. ती आज्ञा तिला दादानेच शिकवली होती. एका ओळीत सांगायचं : काय न्यायचं, कुठून, कुठे. “आधी कुठून, मग कुठे. उलटं केलंस तर पाणी टाकीतून नळात जायच्याऐवजी नळातून टाकीत जाईल, आणि नळ कोरडा असला तर टाकीही कोरडी होईल.” म्हणून आधी एक अक्षर जास्तीचं घालून कोरडी फेरी मारायची. कोरड्या फेरीत एकही फाइल हलत नाही. खरी फेरी मारली तर कोणकोणत्या फाइली हलतील, तेवढी यादी येते. “यादी वाच, मग एंटर मार. तू आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी एंटर मारतेस.”

धाकटीने नवी ओळ लिहिली नाही. वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली आणि जुनी ओळ परत आणली. शिकत असताना ती आपल्या प्रबंधाची प्रत दर रविवारी दादाच्या मशीनवर ठेवायची, त्याची ओळ. त्याने मशीनचं नाव ‘शेजारी’ ठेवलं होतं. त्या ओळीत असंही होतं की इकडे जे नाही ते तिकडचंही पुसून टाक, म्हणजे दोन्ही फोल्डर आरशासारखे सारखे राहतात. तिने फोल्डरांची नावं बदलली. दिशा बदलायची राहिली.

कोरडी फेरी मारली नाही. आई बघत होती, घाई झाली.

तिचा फोल्डर रिकामा होता. दीड सेकंदात ‘शेजारी’वरचाही तसाच झाला. पडद्यावर चारशे बारा ओळी सरकल्या, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘पुसत आहे’ अशा अर्थाचा एकच शब्द. शेवटची ओळ थांबली तेव्हा सोमवारचे पाच वाजून तीन मिनिटं झाली होती.

“झालं?” आईने विचारलं.

“चालू आहे,” धाकटी म्हणाली.

रात्रीपर्यंत तिने ठाऊक होते तेवढे उपाय केले. पुसलेल्या फाइली उकरून काढणारी दोन साधनं चालवली. डिस्क आधुनिक होती, मोकळी झालेली जागा लगेच धुऊन घेणारी. जिथे फाइली होत्या तिथे शून्यं होती, ओळीने. शिट्टी तिनेच दिली होती आणि तिनेच काढून घेतली होती. आईला हे सांगायला जीभ रेटेना.

मंगळवारी पाच वाजता, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने ओळ नीट लिहिली. आधी कुठून, मग कुठे. आणि कोरडी फेरी मारली. वरातीमागून घोडं. रिकाम्या फोल्डरची यादी रिकामीच यायला हवी होती.

यादीत एक फाइल होती. नाव त्या दिवसाच्या तारखेचं. आकार नऊ लाख साठ हजार चव्वेचाळीस.

तिने खरी फेरी मारली. हललेल्या फाइली : शून्य. ‘शेजारी’वरचा फोल्डर उघडून पाहिला. रिकामा.

ती विज्ञानाची पदवीधर होती आणि तिने शास्त्राने चालायचं ठरवलं. चार दहाचा गजर अजून चालू असेल, मशीन ध्वनिमुद्रण करायला जात असेल आणि मायक्रोफोन नसल्यामुळे फाइल बनता बनता मोडत असेल. पण मग पाच आठवड्यांत एकदाही तसं का झालं नव्हतं? सोमवारी मोजल्या तेव्हा शेवटची फाइल दादा गेला त्याच्या आदल्या दिवसाची होती. वहीतली शेवटची ओळही तीच. तरी तिने गजर काढून टाकला.

बुधवारी यादीत दोन फाइली होत्या. खरी फेरी : शून्य.

“किती झालं?” आईने दारातून विचारलं.

“चालू आहे.”

“सावकाश होऊ दे. नाहीतर काहीतरी सांडून ठेवशील.”

गुरुवारी सकाळी धाकटीने ‘शेजारी’ बंद केला, भिंतीतली वायर काढली, गुंडाळली आणि वर रबर लावलं. नसलेल्या मशीनकडून उत्तर येत नाही. अर्धा मिनिट वाट पाहायची, मग ‘जोडणी झाली नाही’ अशी ओळ येते. हे तिने शंभरदा पाहिलेलं होतं. पाच वाजता तिने कोरडी फेरी मारली. दीड सेकंदात तीन फाइली आल्या. एकूण आकार अठ्ठावीस लाख ऐंशी हजार एकशे बत्तीस. तिने कागदावर गुणाकार केला. बरोबर होता.

टेबलावरचं मशीन थंड होतं. तिने हात लावून पाहिला. मग, का कोण जाणे, खुर्चीच्या बैठकीलाही हात लावला आणि लगेच काढून घेतला.

शुक्रवारी अकरा वाजता प्रयोगशाळेचे भांडारपाल आले. जाड भिंगांचा चष्मा, हातात फॉर्मची वही. त्यांनी मशीनच्या पाठीवरचा क्रमांक दोनदा वाचून लिहिला.

“मायक्रोफोन आम्ही आधीच नेलाय, बरं का. पहिल्याच आठवड्यात. तुमच्या आईची सही आहे.”

“माहीत आहे.”

“नाही, लोक नंतर विचारतात.” त्यांनी फॉर्म पुढे केला. “इथे सही, इथे तारीख. सगळे उलटं करतात.”

तिने सही केली, तारीख घातली. मशीन पुठ्ठ्याच्या खोक्यात गेलं.

“याचं आता काय होणार?”

“पुसून घेतील आणि नवीन माणसाला देतील.” ते दाराशी घुटमळले. “तुमचा भाऊ फार नीट होता हो कामात. आमच्याकडे त्याच्या टेबलापाशी अजून कुणी बसत नाही. तसं कारण काही नाही. बसत नाहीत एवढंच.”

दुपारी चार वाजता आई खोलीत आली. टेबलाखालून खुर्ची बाहेर ओढून ठेवली, दादा बसायचा तशी तिरकी. स्वतः मात्र पलंगावर बसली. धाकटी दाराजवळ जमिनीवर, मांडीवर तिचा संगणक. टेबलावर आता धूळ नसलेला एक चौकोन होता आणि निळी फुली.

“मशीन तर गेलं,” आई म्हणाली. “आता तरी झालं असेल.”

“आई, झालं नाही. मी उलटं केलं.”

“काय उलटं?”

“कुठून आणि कुठे. सगळ्या पुसल्या गेल्या. चारशे बाराच्या चारशे बारा. सोमवारीच. मी तुला खोटं सांगत होते.”

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. खुर्चीकडे पाहत राहिली.

“एकही नाही?”

“एकही नाही.”

मग कुणीच बोललं नाही. आईचा गुडघा एकदा वाजला. बाहेर कुणीतरी फाटक लावलं. धाकटीच्या पडद्याच्या कोपऱ्यात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. रडू येईल असं तिला वाटत होतं, पण आलं नाही. खोली फार गप्प होती. एवढी गप्प खोली मोजायला दादाला आवडली असती.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “चार वर्षांची होतीस. नाक त्याचं फुटलं आणि भोकाड तू पसरलंस. तुला गप्प करायला तोच आला, रुमाल नाकाला लावून.”

“आई.”

“मी काय मारतेय का तुला?” तिने पदराने चष्मा पुसला. “रोज पाच वाजता काय करत बसायचीस मग? मी दारातून बघायची.”

धाकटीने सांगितलं. मंगळवारी एक, बुधवारी दोन, काल मशीन बंद असताना तीन. खरी फेरी मारली की शून्य.

आईने सगळं ऐकून घेतलं. बाजारातला हिशेब चुकला असावा तशी मान हलवली.

“ते मशीन इथे नाहीच ना आता?”

“नाही.”

“मग कोरडी कशाला मारतेस? ओली मार.”

“काही येणार नाही, आई.”

“नाही आलं तर नाही. माझं काय जाणार आहे आता?”

धाकटीने ओळ लिहिली. आधी कुठून. मग कुठे. जास्तीचं अक्षर घातलं नाही. ओळ एकदा डावीकडून उजवीकडे वाचली, बोट ठेवून, आणि एंटर मारलं.

दीड सेकंद.

हललेल्या फाइली : एक.

नाव त्या दिवसाचं. वेळ चार वाजून दहा मिनिटं. नऊ लाख साठ हजार चव्वेचाळीस बाइट.

तिने तिच्या फोल्डरमध्ये पाहिलं. फाइल होती.

हेडफोन एकच होता. तिने तो आईच्या कानांवर ठेवला आणि फाइल सुरू केली. आईने डोळे मिटले. दहा सेकंद झाले. आईने हात वर केला : पुन्हा. पुन्हा लावली. तिसऱ्या वेळेपर्यंत आई बसल्या जागी आडवी झाली होती, हेडफोनसकट, भिंतीकडे तोंड करून. पाचव्या वेळी तिचा हात सैल पडला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती झोपली होती.

धाकटीने आवाज ऐकला नाही. तिने आलेख काढला. गुडघ्याचा आवाज तिसऱ्या सेकंदाला होता, फाटक सहाव्या. मग तिने दादाने शिकवलं होतं तसे श्वास वेगळे केले आणि प्रत्येकाच्या पातळीवरून त्याचं निळ्या फुलीपासूनचं अंतर काढलं. फळीवरची वही घेतली, शेवटच्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिलं :

आई. श्वास : ३. अंतर एक मीटर ऐंशी.

मी. श्वास : ४. अंतर दोन मीटर दहा.

एकवीसशे हर्ट्झ. श्वास : २. अंतर चाळीस सेंटीमीटर.