बदली न आलेली चौकी

सतीशकाका आणि मनोरमाकाकू दुबई सोडून कायमचे नाशिकला गेले. सुखरूप पोहोचले.

हे विसरा. असं काही झालंच नाही.

जे झालं ते गेल्या जुलैत, अल बर्शाच्या एका फ्लॅटमध्ये, भर दुपारी. भुतांना रात्रच लागते असं वाटणाऱ्यांनी जुलैमधली दुबईची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर माणूस नसतो. सावलीसुद्धा एसीत येऊन बसते.

घर माझ्या मित्राचं, कैवल्यचं. काका-काकू त्याचे आईवडील. यात पदरचा एक शब्द नाही. असता तर मी शेवट तरी बरा केला असता.

कैवल्यला एकच नाद. बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक रंगवायचे आणि त्यांच्या लढाया टेबलावर मांडायच्या. जोडीला रिझवान. मूळ रत्नागिरीचा, ऑफिस दुबईच्या देरा भागात, खोली शेजारच्या शारजात.

त्या शनिवारी दोघांनी दुसऱ्या महायुद्धातली जपानी ब्रिगेड काढली. पण डायनिंग टेबलावर काकूंच्या बॅगा पसरलेल्या. काका रिटायर झाले होते, व्हिसा संपत आला होता आणि नाशिकला कैवल्यच्या बहिणीचं, सान्वीचं, बाळंतपण तोंडावर आलं होतं.

"टेबल मिळणार नाही," काकू म्हणाल्या. "आधी माझे डिंकाचे लाडू. मग तुझी लढाई."

"आई, ही लढाईची ब्रिगेडच नाही. गॅरिसन ड्यूटीची आहे. जिंकलेला मुलूख नुसता धरून बसायचा. डिव्हिजनसारख्या रेजिमेंट नाहीत हिच्यात. वर एक मेजर जनरल, त्याच्या हाताखाली थेट चार-पाच स्वतंत्र बटालियन. थोडा तोफखाना, थोडे इंजिनिअर, सिग्नलवाले. मग एक बटालियन गावात, तिची कंपनी पुलावर, मूठभर माणसं रेल्वेच्या फाटकावर."

"स्वतंत्र म्हणजे काय रे?" रिझवानने विचारलं.

"मदतीला कोणी येणार नाही."

"म्हणजे माझं ऑफिस."

"आणि माणसं कमी पडली की?" काकांनी पेपरामागून विचारलं.

"तिथल्याच लोकांना पहाऱ्यावर उभं करायचं, बाबा."

टेबल मिळालं नाही, म्हणून ब्रिगेडने फ्लॅट घेतला. टीव्हीखाली मुख्यालय. फ्रिज म्हणजे पूल. बाल्कनी म्हणजे रेल्वे. दारातल्या चपलांच्या कपाटावर एक चौकी. तिथल्या शिपायाला कैवल्यने जाड आवाजात हुकूम दिला, "मुख्यालय सांगेपर्यंत या घरातून कोणीही सामान घेऊन बाहेर जाणार नाही."

सगळे हसले. कैवल्य जरा उशिरा हसला. तो आजवर एकटा राहिलेला नव्हता.

त्या दोघांचा एक रिवाज होता. खेळ संपला की जनरलला चिमटीत धरून प्रत्येक चौकीवर न्यायचं. 'कार्यमुक्त' म्हणायचं. मगच शिपाई डब्यात. त्या दिवशी मात्र रिझवानला घाई.

"आत्ता निघालो नाही तर जॅममध्ये माझी रिटायरमेंट होईल. खलास, हबीबी." त्याने जिंकल्याची ट्रॉफी म्हणून जनरल खिशात टाकला.

"बाकीचे राहू देत," कैवल्य म्हणाला. "बर्शात फुकट राहायला कोणाला मिळतं?"

दुसऱ्या दुपारी एसीच्या घरघरीखाली आवाज आला...

टक. टक. टक.

चपलांच्या कपाटापासून दारापर्यंत. दारापासून कपाटापर्यंत.

कैवल्य बघायला गेला. चौकीवर कोणी नव्हतं.

फ्रिजवरही नव्हतं.

"आई, तू आवरलेस का सोल्जर्स?"

"मी कशाला हात लावू?" काकू म्हणाल्या. त्या फ्रिजशेजारी उभ्या होत्या. काही काढत नव्हत्या, काही ठेवत नव्हत्या. नुसत्या उभ्या. ताठ.

काका बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पेपर खाली पडलेला.

"बाबा, काय बघताय?"

"रेल्वे."

"इथून मेट्रो दिसत नाही, बाबा."

"म्हणूनच बघावं लागतं."

काकांचा विनोद असेल, असं कैवल्यला वाटलं. काका विनोद करत नाहीत, हे त्याला नंतर आठवलं.

जायचा दिवस उजाडला. खाली टॅक्सी उभी. काकू बॅग घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या आणि...

थांबल्या.

"आई, यल्ला, चल ना. फ्लाइट जाईल."

"बदलीचा माणूस आला की निघते," काकू म्हणाल्या. दूधवाला येऊन गेला की निघते, अशा आवाजात.

कैवल्यने त्यांचा हात धरला. हात गार होता.

कोपरातून वाकत नव्हता.

आत काका बाल्कनीच्या दारातून उठलेच नाहीत. फ्लाइट गेली. काकू पुन्हा फ्रिजपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

कैवल्यने रिझवानला फोन लावला. "तो जनरल घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."



"अरे, देऱ्याला अब्र्याच्या होडीतून क्रीकची खाडी ओलांडत होतो. भाचीला, यम्नाला, दाखवायला काढला. तिच्या हातून निसटला रे. पाण्यात."

कैवल्यने तसाच दुसरा जनरल आणला. रंगवला. सगळ्या रिकाम्या चौक्यांवर फिरवला. "कार्यमुक्त. कार्यमुक्त."

काकांनी मान न वळवता सांगितलं, "हे आमचं मुख्यालय नाही."

सान्वीला मुलगी झाली. फोन स्पीकरवर होता. बाळ रडलं तसे काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पाय हलले नाहीत.

मध्यंतरी मी भेटून आलो. आत जाताना कोणी अडवलं नाही. निघताना कैवल्यने हातात लाडवांचा डबा दिला. दोन पावलं टाकली आणि मागे...

टक. टक.

डबा तिथेच खाली ठेवला. आवाज थांबला. पण लिफ्टमध्ये शिरल्यावर लक्षात आलं, मी ताठ उभा होतो.

हल्ली दर शनिवारी दुपारी कैवल्य देऱ्याला जातो. धक्क्याच्या पायरीवर उभा राहतो आणि पाण्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणतो...

"प्रति, माननीय मेजर जनरल, ब्रिगेड मुख्यालय, मुक्काम क्रीकचा तळ. महोदय, अल बर्शा येथील फ्रिज व बाल्कनी या चौक्यांवरील माझ्या आईवडिलांना तात्काळ कार्यमुक्त करून सामानासह नाशिकला जाऊ द्यावे, ही नम्र विनंती. बदलीचा माणूस म्हणून अर्जदार स्वतः हजर आहे."