एक खरपुडी, दोन अर्ज

“ए पोरी, ती गाठ सोडू नको!”

रविना ताडकन वळली. जामसरच्या कातळावर, गुडघाभर गवतात, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक उंच पोरगा उभा होता. रानात काही सापडलं की शेजारच्या गवताला गाठ मारायची. मग दुसरं कोणी त्याला हात लावत नाही, ही इकडची रीत. खरपुडीच्या एकेका दुर्मिळ वेलाशेजारी रविनाने गाठ मारली होती आणि या महाशयांनी बिनदिक्कत वर दुसरी ठोकून दिली होती! तीच ती सोडत होती.

“पोरी कोणाला बोलतो? रविना नाव हाय माझं. खाली बघ, पहिली गाठ माझी.”

“मी तुषार, खोडाळ्याचा. मग... दोघांची म्हणू?”

“कशाला? या वेलावर शिष्यवृत्तीला अर्ज मी केलाय.”

“मीपण.”

झालं! रानातल्या झाडांवर संशोधन करायला पुण्याची संस्था पैसे देणार होती, पण एकालाच. ते नाही मिळाले तर रविनाचं एम.एस्सी. थांबणार, ठाण्यात कामाला धाडायचं घरी ठरलंही होतं. याच्याशी बोलायचंच नाही, असा तिने निश्चय केला. तो काही फार टिकला नाही.

“हे कंदिलासारखं फूल बघ,” तुषार वेलावर वाकला. “माशी आत शिरली की आतले केस तिला बाहेर सोडत नाय.”

“ठाऊक हाय. केस सुकले की सुटते.”

“आणि तिलाच सुटायचं नसलं तर?”

“तर माशी येडी!” ती म्हणाली... आणि उगाचच तिचे कान तापले.

मग रोजच भेट. तो फुलं मोजायचा, ती शेंगा. भांडण दोघांचं, नागलीची भाकरही दोघांची. भादवा संपेपर्यंत रविना पुरती प्रेमात पडली होती. आणि जिंकायचं तर होतंच!

जव्हारला मुलाखतीत दोघांना एकदमच आत बोलावलं.

“झाड एक, कातळ एक,” संस्थेच्या समितीतल्या मॅडम म्हणाल्या. “शिष्यवृत्ती द्यायची कोणाला?”

रविना खुर्चीत पुढे सरकली. “मॅडम, मला पाहिजेच. पण फुलांचं काम याचं, शेंगांचं माझं. एकालाच दिली तर खरपुडी अर्धीच कळेल... वाटून द्या. अर्ध्यात माझी फी निघते.”

मॅडमनी दोघांचे अर्ज एकावर एक ठेवले.

“देऊ. पण काम दोन वर्षांचं आहे. मधेच भांडून सोडायचं नाही. दोन वर्षं पटेल का तुमचं?”

“दोनच?” तुषारच्या तोंडून निसटलं.

खोलीभर हसू फुटलं. रविना लाजून लाल झाली, पण मान खाली घातली नाही तिने.

“दोन वर्षांचं तुम्ही बघा, मॅडम,” ती म्हणाली. “पुढचं मी बघते.”