यादीतलं पहिलं नाव

"सही करायची असती तर तुमच्याकडे कशाला तडफडले असते?" असं म्हणून बाईंनी राजीनाम्याचा कागद टेबलावर आपटला, आणि दादाच्या कपातला निम्मा चहा बशीत सांडला.

दादा म्हणजे छोटीचा थोरला भाऊ. छोटी नावालाच छोटी. वय अठ्ठेचाळीस, धंदा खासगी तपासाचा. त्याआधी बारा वर्षं तिने कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिले आणि एक दिवस साहेबाच्या तोंडावर नोकरी फेकून घरी आली. दादा विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तिची गाडी चालवायचा, वहीत टिपणं काढायचा आणि तपास आपल्यामुळेच लागतो अशा थाटात वावरायचा. छोटीची त्याला ना नव्हती.

"बसा, पाणी प्या, आणि पहिल्यापासून सांगा," छोटी म्हणाली.

बाई बसल्या, पाणी मात्र प्यायल्या नाहीत. "मी इस्पितळाच्या औषधभांडाराची प्रमुख. एकतीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एक इंजेक्शन दिल्यावर सहा बाळांना थंडी भरून आली, अंगावर चट्टे उठले. वाचली बिचारी! मी त्या खेपेचे उरलेले बारा डबे लाल फीत लावून शीतकक्षात बाजूला ठेवले. म्हटलं, औषध निरीक्षकाला बोलावू, तपासू दे. व्यवस्थापक म्हणाले, थांबा, संचालक परगावाहून येऊ देत. मी थांबले, हीच माझी चूक. काल, बुधवारी सकाळी बघते तर डबे गायब!"

"आणि आळ तुमच्यावर?"

"शीतकक्षाचं दार कार्डाने उघडतं. कार्डांची यादी सातजणांची. दार कोणी उघडलं ते यंत्र लिहीत नाही, किती वाजता उघडलं तेवढं लिहितं. मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ते उघडलं. त्या वेळी सातातले सहाजण प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी होते. इमारतीत उरले मी. म्हणे, औषध तुमच्याच हलगर्जीपणाने बिघडलं, म्हणून पुरावा तुम्हीच लंपास केलात. चार वाजेपर्यंत राजीनामा द्या, प्रकरण मिटवू, नाहीतर पोलीस." बाईंचा आवाज चढला. "अहो, माझं कार्ड त्या दाराला कधी चाललंच नाही! नवीन दार बसून दीड महिना झाला. तीनदा कार्ड बदलून दिलं, तीनही वेळा लाल दिवा. तेच कार्ड फाटकाला चालतं, जेवणघराला चालतं. शीतकक्षाशी मात्र मला दर वेळी कुणाच्या तरी हातापाया पडून दार उघडून घ्यावं लागतं."

"हे सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं. म्हणे, आधीपासून रचलेलं नाटक."

छोटीने थोडा विचार केला. "मंगळवारी तुम्ही आत गेला होतात?"

"सकाळी अकराला. माझ्या सहायिकेने दार उघडून दिलं आणि ती बॅग घेऊन प्रशिक्षणाच्या गाडीकडे पळाली. मी एकटीच आत होते. डबे दारामागच्या रॅकवर होते. तिथे सारखा कुणाचा ना कुणाचा हात लागतो, म्हणून मी ते पार आत, पंख्याखालच्या रॅकवर नेऊन ठेवले. बाहेर पडायला आतून बटण आहे."

"कुणाला बोललात हे?"

"बोलायला होतं कोण? आणि कालपासून सगळे मलाच बोलताहेत."

दादाने घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते. "छोटे, वेळ थोडा आहे."

"मग चहा सोड आणि किल्ली घे," छोटी म्हणाली.

इस्पितळाच्या फाटकावर दोघांच्या गळ्यात पाहुण्यांची कार्डं अडकवली गेली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी पहारेकरी उघडून बघत होता, अगदी डॉक्टरांचीसुद्धा. एक डॉक्टर कुरकुरले, तर तो म्हणाला, "दोन महिन्यांपासून व्यवस्थापकसाहेबांचाच हुकूम आहे. गाडीची डिकीपण बघतो आम्ही. साहेबांचीसुद्धा!"

व्यवस्थापकांची खोली पहिल्या मजल्यावर होती. माणूस चकचकीत, टेबल त्याहून चकचकीत, मागे कुलूपबंद कपाट. छोटीकडे न बघता ते दादाशीच बोलायला लागले. दादाला ते आवडलं, हे कबूल करायला हवं.

"स्पष्टच सांगतो. ते दार मी बसवून घेतलं ते शिस्तीसाठी. माझं स्वतःचं नावसुद्धा यादीत नाही. मी औषधातला माणूस नाही. त्या खोलीत आजवर पाऊल टाकलेलं नाही. बाईंचं वय झालं, चूक झाली, घाबरल्या. आम्ही तर सन्मानाने जायची संधी देतोय."

"पण एकट्या बाईंनी डबे नेले कसे?" छोटीने विचारलं.

"त्यात काय कठीण? जेवणाची वेळ, बाहेर चिटपाखरू नाही. पंख्याखालच्या रॅकपर्यंत जायचं, बारा डबे पिशवीत भरायचे, बाहेर यायचं. पाच मिनिटांचं काम."

दादाने वहीत लिहिलं, ‘पाच मिनिटं’. त्याला ते पटलंही. बाईंचा आवाज फार चढा होता, आणि चढ्या आवाजाच्या माणसांनी विमा कंपनीत त्याला पुष्कळ गंडवलं होतं.

सहायिका तळमजल्यावर भांडारातच भेटली. तिशीची, डोळे रडून सुजलेले. "बाई गेल्या तर त्यांची जागा मला मिळेल, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. मला नको ती जागा! काल सकाळी दार मीच उघडलं. दारामागचा रॅक रिकामा. बाई माझ्यामागून आत गेल्या आणि ‘डबे गेले’ म्हणून ओरडल्या. मी अहवालात तसंच लिहिलं, दारामागच्या रॅकवरचे डबे गायब. व्यवस्थापकांनी आणि संचालकांनी तोच वाचला."

"हे इंजेक्शन पूर्वीपासून वापरता?"

"छे! पुरवठादार बदलला दोन महिन्यांपूर्वी. वरून ठरतं सगळं. बाईंनी विरोध केला होता, पण आमचं ऐकतंय कोण?"

राहिला प्रोग्रॅमर. बाहेरच्या कंपनीचा, चष्मेवाला, आणि आपल्या कामावर बोट ठेवलेलं अजिबात न खपणारा. तो लॅपटॉप उघडूनच बसला होता.

"माझ्या प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही," त्याने आधीच सांगून टाकलं. "कार्ड लागलं की तो यादीला विचारतो, हा नंबर कितव्या जागी आहे? जागा आली की दार उघड. संपलं!"

"पहिल्या नंबराला कितवी जागा?"

"शून्य. आमच्यात मोजणी शून्यापासून. तुम्हाला नाही कळायचं."

दादाला वाटलं, आता छोटी याला फाडून खाणार. पण ती गोड हसली. "आणि यादीचा क्रम?"

"इस्पितळाने दिला तोच. इथे पार्किंगसुद्धा सेवाज्येष्ठतेने देतात हो! मला नुसते नंबर दिले. कुठला कुणाचा ते मला माहीत नाही. पहिला बाईंचा एवढं ठाऊक, कारण त्यापायी तीनदा बोलणी खाल्ली."

"त्यांचं कार्ड तपासलंत?"

"इथे, लॅपटॉपवर, तीनदा. तीनही वेळा हिरवा! हे बघा. सगळ्यात वर चाचणीचा एक खोटा नंबर घालतो, खाली खरे सात. लावा सातातलं कुठलंही. कार्डच खराब असणार, नाहीतर बाईंची लावायची पद्धत."

"दार ताब्यात कोणी घेतलं?"

"व्यवस्थापकांनी. स्वतःचं कार्ड लावलं, दार उघडलं, ‘छान’ म्हणाले आणि सही दिली."

"यादीत नसलेलं कार्ड कधी लावून बघितलंत?"

प्रोग्रॅमर हसला. "यादीत नसलेला तिथे जाईल कशाला? एवढी मोठी पाटी लावलीय, सातजणांखेरीज प्रवेश नाही."

बाहेर येताच दादाने छोटीचा दंड धरला. "हाच तो! दार याचं, प्रोग्रॅम याचा. बाईंचं कार्ड मुद्दाम बंद ठेवलंय."

"दादा, तुझ्या वहीत उत्तर लिहिलेलं आहे."

"माझ्या वहीत?"

"निदान लिहायला हवं होतंस," छोटी म्हणाली आणि संचालकांना गाठायला गेली.

साडेतीन वाजता सगळे शीतकक्षाच्या दाराशी जमले. संचालक म्हणजे एक थकलेले वयस्कर डॉक्टर, सकाळीच परगावाहून परतलेले. व्यवस्थापक हातातल्या घड्याळाकडे बघत होते. सहायिका भिंतीला टेकली होती. प्रोग्रॅमर लॅपटॉप छातीशी धरून उभा होता. आणि बाई मधोमध, ताठ.

"हे दार कोण उघडू शकतं?" छोटीने विचारलं.

"सातजण," व्यवस्थापक म्हणाले. "किती वेळा सांगायचं?"

"दादा, तुझं कार्ड लाव."

"माझं? अगं, हे पाहुण्याचं आहे!"

"लाव म्हटलं ना."

दादाने अवघडून गळ्यातलं कार्ड पुढे केलं. हिरवा दिवा लागला आणि खटकन दार उघडलं. दादा दोन पावलं मागे सरला. प्रोग्रॅमरच्या तोंडचं पाणी पळालं.

छोटीने फरशी पुसणाऱ्या मावशींना बोलावलं. त्यांचंही कार्ड चाललं. तिचं स्वतःचं चाललं. मग ती बाईंकडे वळली. "आता तुम्ही लावा."

बाईंनी कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

"संचालकसाहेब, या इमारतीत कार्डवाली तीनशे माणसं असतील. त्यातल्या कोणालाही हे दार उघडतं. उघडत नाही ते फक्त एकीला, आणि चोर म्हणून तुम्ही नेमकं तिलाच धरलंत."

छोटी प्रोग्रॅमरकडे वळली.

"प्रोग्रॅम यादीला विचारतो, हे कार्ड कितव्या जागी आहे? दुसऱ्या जागेला उत्तर येतं एक, तिसऱ्याला दोन. पहिल्याला येतं शून्य. आणि कार्ड यादीत नसेलच, तर उत्तर येतं उणे एक. बरोबर?"

प्रोग्रॅमरने मान हलवली. त्याला आता कळत चाललं होतं, आणि कान लालेलाल झाले होते.

"इथे उत्तर उणे एक नाही ना, एवढंच बघायला हवं होतं. यांनी लिहिलं, उत्तर आलं तर दार उघड. यंत्राच्या हिशेबी शून्य म्हणजे ‘नाही’, आणि शून्य सोडून कुठलाही आकडा म्हणजे ‘हो’. उणे एकसुद्धा ‘हो’! म्हणजे परका माणूस आत आणि पहिल्या नंबरचा माणूस बाहेर. एकतीस वर्षं नोकरी केली म्हणून बाईंचं नाव यादीत पहिलं, आणि पहिलं म्हणूनच त्यांना दार बंद. लॅपटॉपवर मात्र पहिल्या जागी यांचा चाचणीचा खोटा नंबर, बाई सरकल्या दुसऱ्या जागी, मग हिरवा दिवा लागणारच. तीनदा कार्ड बदललं, पण जागा तीच राहिली. आणि परकं कार्ड कोणी लावून बघितलंच नाही."

"म्हणजे कोणीही नेले असतील डबे," व्यवस्थापक घाईने म्हणाले. "तीनशे माणसं! आता कसा शोधणार?"

"तीनशे कशाला? या दाराला आपलं कार्ड चालतं हे माहीत असलेला माणूस हवा. यादीत आपलं नाव नाही, असं तुम्हीच दादाला सांगितलंत. पण दार ताब्यात घेताना तुम्ही स्वतःचं कार्ड लावलंत आणि ते उघडलं. यादीत नाही, तरी उघडलं! इमानदार माणसाने तिथेच बोंब मारली असती. तुम्ही ‘छान’ म्हणून सही ठोकलीत."

व्यवस्थापकांनी तोंड उघडलं, पण छोटी थांबली नाही.

"बाईंनी डबे पंख्याखालच्या रॅकवर हलवले ते मंगळवारी अकरा वाजता. कुणाला सांगितलं नाही. अहवालात आजही दारामागचा रॅक लिहिलाय. या खोलीत पाऊल न टाकलेल्या माणसाने आज दुपारी दादाला सांगितलं, पंख्याखालच्या रॅकपर्यंत जायचं आणि डबे भरायचे. सांगा, कसं कळलं?"

दादाने वही उघडली. तिथे नुसतं ‘पाच मिनिटं’ होतं. पण वाक्य त्याच्या कानात जसंच्या तसं होतं, आणि ते त्याने खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. मघाशी ज्या माणसाने त्याला एवढा मान दिला, त्याच्या तोंडावर म्हणताना दादाला भारी बरं वाटलं.

"नवीन पुरवठादार कोणी आणला, ते खरेदीच्या कागदांवर सापडेल," छोटी म्हणाली. "आणि फाटकावर तुमच्याच हुकमाने पिशव्या तपासतात, तुमच्या गाडीची डिकीसुद्धा. म्हणजे डबे इमारतीतच आहेत, आणि कुणाचा हात लागणार नाही अशा तुमच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात. कपाट उघडताय, की कुलूप तोडायचं?"

सगळे वर व्यवस्थापकांच्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं गेलं. फायलींच्या मागे बारा डबे होते, लाल फितीसकट. व्यवस्थापक खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

संचालकांनी दार लोटून घेतलं आणि घसा साफ केला. "बाई, झाल्या प्रकाराचं मला फार वाईट वाटतं. हे आजच्या आज राजीनामा देतील. पण इस्पितळाची अब्रू... आपण हे घरातल्या घरात मिटवू या."

"मघाशी मला मिटवत होतात, आता यांना," बाई म्हणाल्या. "साहेब, सहा बाळांच्या आयांना काय सांगू? मिटवलं?"

त्यांनी संचालकांच्या अंगावरून हात पुढे करून टेबलावरचा फोन ओढला. संचालकांनी अडवायला हात उचलला. बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की तो हात तिथल्या तिथे खाली आला.

"औषध निरीक्षकांचं कार्यालय? बिघडलेल्या औषधाची तक्रार आहे. बारा डबे माझ्यासमोर आहेत. आजच माणूस पाठवा, तो येईपर्यंत मी इथून हलणार नाही." पलीकडून कोण बोलतंय म्हणून विचारलं असावं. बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं, "लिहून घ्या. औषधभांडाराची प्रमुख बोलतेय."