आबांच्या गाडीचं गाऱ्हाणं

गाडीला कसं कळतं की आपण आजारी आहोत?

हा प्रश्न मी आबांना विचारला तेव्हा मी पाचवीत होते. तुम्हाला तो वेडगळ वाटेल, कारण तुमच्या गाड्या बोलतात. चाकातली हवा जरा कमी झाली की कुरकुरतात, आपण होऊन दुरुस्तीला जाऊन येतात आणि उशीर झाला म्हणून वर माफीही मागतात. आमच्या आबांची गाडी मुकी होती. ती पेट्रोलवर चालायची आणि तिला माणूस चालवायचा. काही बिघडलंच तर स्टिअरिंगच्या मागे इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागायचा. काय दुखतंय, कुठे दुखतंय, काही पत्ता नाही. नुसता दिवा.

आबा म्हणजे माझे आजोबा, श्रीकांत निंबाळकर. हवामान मोजणारी यंत्रं बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आमची वृंदाआजी गेल्यापासून मात्र त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तरी अर्धा तास वाद घालणारा माणूस आता कशालाही ‘बरं’ म्हणायचा. रविवारी तेवढी ते गाडी काढायचे, मंडईत जाऊन यायचे आणि परत लावून ठेवायचे. साताऱ्यात तेव्हा पेट्रोलच्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. आबांची गाडी रस्त्यावरून गेली की शाळेतली पोरं तिचा आवाज ऐकायला खिडकीशी गोळा व्हायची, आणि मला उगाचच भाव खायला मिळायचा.

जुन्या गाड्यांना दरवर्षी तपासणी असे. त्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही तपासणी केंद्रात गेलो. तिथल्या यंत्रमानवानं गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, “वाहन अपात्र. इंजिनाचा इशारादिवा चालू आहे.”

“पण दिवा का लागलाय?” मी विचारलं.

“तो लागला आहे, म्हणून वाहन अपात्र आहे.”

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. दिवाळीपर्यंत दिवा गेला नाही तर गाडी भंगारात द्यायची, असा नियम होता.

“आबा, आता पुरे झालं,” घरी आल्यावर बाबा म्हणाले. “इंजिन म्हातारं झालंय. आणि तो दिवा काय आजचा आहे का? कित्येक महिने तसाच असेल, आपलं लक्ष नसेल.”

“बरं,” आबा म्हणाले. “घेऊन जा म्हणावं त्यांना.”

मला रडू फुटलं. गाडीसाठी नव्हे, त्या ‘बरं’साठी. गाडी गेली की आबांचा रविवारही जाणार, आणि मग ते त्या खुर्चीतून उठणारच नाहीत, हे मला पाचवीत असूनही कळत होतं. मी जाऊन गाडीत बसले. थोड्या वेळानं आबा समजूत काढायला आले, तेव्हा मी त्यांना तो प्रश्न विचारला.

आबा तसेच मागे फिरले. घरात गेले आणि बऱ्याच वेळानं दोन वस्तू घेऊन आले. एक होता त्यांचा जुना स्मार्टफोन, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. दुसरी होती काडेपेटीएवढी काळी डबी.

“ही डबी मी अगदी स्वस्तात घेतली होती,” ते म्हणाले. “तुझी आजी हसली होती. म्हणाली, आणखी एक खेळणं आणलं. आता स्टिअरिंगच्या खाली वाकून बघ. काय दिसतंय?”

“बारीक बारीक भोकांचं एक तोंड आहे.”

“तीच गाडीची बोलायची जागा. लाव त्यात डबी.”

डबी खट्‌कन बसली आणि तिच्यावर लाल ठिपका चमकला. आबांनी फोन ब्लूटूथनं (तारेशिवाय जवळच्या जवळ माहिती पाठवण्याची सोय) डबीला जोडला.

“म्हणजे गाडी मुकी नव्हतीच?”

“कधीच नव्हती. इंजिनात जागोजागी संवेदक असतात (एखादी गोष्ट सतत मोजत राहणारी छोटी उपकरणं). एक आत येणारी हवा मोजतो, एक इंजिनाची उष्णता मोजतो, धुराच्या नळीतला एक उरलेला प्राणवायू मोजतो. सगळे आपापले आकडे इंजिनाच्या संगणकाला कळवतात. आकडा नको तिथे गेला, की संगणक एक सांकेतिक क्रमांक लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. आपल्याला दिसतो फक्त दिवा. ही डबी तो क्रमांक वाचून फोनला सांगते. दुभाषी म्हण ना.”

फोनवर अक्षरं उमटली : पी ०१७१. खाली अर्थ होता : ‘मिश्रण पातळ.’

“इंजिन पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण जाळतं,” आबा म्हणाले. “पेट्रोलच्या एका भागाला वजनानं हवेचे चौदा-पंधरा भाग लागतात. मिश्रण पातळ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.”

“मग पेट्रोल पुढे ढकलणारा पंप बदलायचा. झालं.”

“तू आणि तो केंद्रातला यंत्रमानव एकाच शाळेतले दिसता,” आबा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. “शरू, हे गाऱ्हाणं आहे, कारण नव्हे. तुझं पोट दुखतं तेव्हा पोट सांगतं फक्त ‘दुखतंय’. कच्चे पेरू खाल्लेत की गृहपाठ राहिलाय, ते तुझ्या आईला शोधावं लागतं. हो की नाही?”

मी विषय बदलला.

आबांनी गाडी सुरू केली. ती उभ्या उभ्या थरथरत होती. त्यांनी फोनवर एक आकडा दाखवला. “ही इंधन-दुरुस्ती (नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडावं लागतंय, त्याचं माप). बरी गाडी असेल तर हा शून्याच्या आसपास खेळतो.”

आकडा पंचवीस होता. बिचारा संगणक मिश्रण ठीक करायला पाव हिस्सा जास्त पेट्रोल ओतत होता, तरी त्याचं भागत नव्हतं.

“आता दोन शक्यता,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता, पूर्वी मला ढग समजावून सांगायचे तसा झाला होता. “एक, तू म्हणतेस तसा पंप थकलाय. दुसरी, हवा मोजणाऱ्या संवेदकाला चुकवून मागच्या दारानं जास्तीची हवा आत शिरतेय. मी इंजिन जोरात फिरवतो. पंप थकला असेल तर आकडा कुठे जाईल?”

मी विचार केला. जोरात फिरलं की पेट्रोल जास्त लागणार. थकलेला पंप आणखीच मागे पडणार. “वाढेल.”

त्यांनी पाय दाबला. इंजिन घुमलं. आकडा पंचवीसवरून घसरत घसरत सहावर आला.

“कमी झाला. असं का?” मी विचारलं.

“तू सांग.”

मी आकड्याकडे बघत विचार करू लागले. आबांनी उत्तर दिलं नाही, ते कधीच देत नसत. शेवटी मला घरातली आमटी आठवली. वाटीभर आमटीत पेलाभर पाणी सांडलं तर आमटीचं वाटोळं होतं. तेच पाणी लग्नाच्या पातेल्यात सांडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी उभी असताना इंजिन हवा थोडीच घेतं, म्हणून चोरून शिरलेली हवा जाणवते. जोरात फिरताना ते भरमसाट हवा घेतं, मग तेवढीशी चोरटी हवा त्यात हरवून जाते.

“कुठेतरी भोक आहे,” मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. ती मान डोलावणं मला पुढे मिळालेल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा जास्त आवडलं होतं.

फोनमध्ये आणखी एक आकडा होता : दिवा लागल्यापासून गाडी किती चालली. नऊ किलोमीटर. मंडईची एक फेरी आणि तपासणी केंद्राची वाट मिळून होतं त्यापेक्षा फारसं जास्त नाही.

“म्हणजे बाबांचं चुकलं. दिवा जुना नाहीये. दसऱ्यानंतरचा आहे.”

“आणि म्हातारपण काही एका आठवड्यात येत नाही,” आबा म्हणाले. “बॉनेट उघड.”

इंजिन चालूच होतं, म्हणून मी फिरत्या भागांपासून लांब उभी राहिले. आबांना ऐकू कमी यायचं, पण मला इंजिनाच्या मागून बारीक ‘स्सss’ असा आवाज ऐकू आला. मी बोट दाखवलं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि वाकून पाहिलं. करंगळीएवढी एक रबरी नळी आपल्या जागेवरून निसटून लोंबत होती. तिच्याभोवती पांढरा दोरा घट्ट बांधलेला होता आणि दोऱ्याला झेंडूच्या दोन सुकलेल्या पाकळ्या.

ही भानगड समजायला तुम्हाला आमच्या घरची खंडेनवमी माहीत हवी. त्या दिवशी सगळे गाडीला पुढून माळ घालतात. आमच्या आजीला ते पटायचं नाही. काम करणार इंजिन आणि माळ मिरवणार तोंड, हा कुठला न्याय, असं ती म्हणायची. म्हणून आमच्याकडे बॉनेट उघडून पूजा व्हायची. इंजिनाला हळदकुंकू, आणि माळ आतल्या नळ्यांना. दसरा झाला की गाडी सुरू करायच्या आधी आजी ती उतरवायची. आबा तिला चिडवायचे, शास्त्रज्ञाच्या घरातलं इंजिनसुद्धा सौभाग्यवती म्हणून. ती गेल्यावर या पूजेचं कुणी नाव काढलं नाही, पण त्या नवमीला आबा स्वतः माळ घेऊन बॉनेटपाशी उभे राहिले होते.

“मीच बांधली,” आबा म्हणाले. “आणि उतरवताना सुटेना, म्हणून हिसडा मारला. ती सुरगाठ मारायची गं. एक टोक ओढलं की अख्खी माळ हातात यायची. मला ती गाठ कधी शिकावीशी वाटली नाही.”

ते तसेच दोरा धरून उभे राहिले. मग म्हणाले, “मला तिची फार आठवण येते, शरू.” ते असं मोकळेपणानं कधी बोलले नव्हते. मी त्यांना बिलगले आणि आम्ही दोघंही रडलो.

नळी बसवायला मुळीच वेळ लागला नाही. तिला एक चिमटा लावला, गाडी सुरू केली, थरथर गेली. आकडा हळूहळू शून्याकडे आला. दिवा मात्र तसाच होता. फोनवर ‘नोंद पुसा’ असं बटण होतं.

“हे आधीच दाबलं असतं तर?” मी विचारलं. “तेव्हाच दिवा गेला असता.”

“गेला असता आणि परत आला असता. तापमापी झटकून ताप उतरत नाही. आता दाब, आता दुखणं गेलंय. पण एक आहे. नोंदीबरोबर गाडीनं स्वतःच्या घेतलेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. ते कोरे दिसले तर तुझा यंत्रमानव पुन्हा अपात्र म्हणेल. गाडीला सगळ्या चाचण्या नव्यानं घ्याव्या लागतील, आणि त्या उभ्या उभ्या होत नाहीत. काही थांबत थांबत चालताना होतात, काही एका वेगानं लांबवर जाताना.”

“लांब म्हणजे हायवेला?”

आबांनी रस्त्याकडे पाहिलं. आजी गेल्यापासून ते गावाबाहेर गेले नव्हते. मी बटण दाबलं आणि शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावला.

दुसऱ्या दिवशी तपासणीत गाडी पास झाली, हे आत्ताच सांगून टाकते. यंत्रमानव जेवढ्यास तेवढं ‘पात्र’ म्हणाला. मला आठवतो तो त्याच्या आदल्या दिवशीचा रस्ता. पुण्याच्या दिशेनं बोलत्या गाड्या शिस्तीत, आवाज न करता चालल्या होत्या आणि त्यांच्यामधून आमचं इंजिन गुणगुणत चाललं होतं. फोन माझ्या मांडीवर होता. एकेक चाचणी पूर्ण झाली की तिच्यापुढचा राखाडी ठिपका हिरवा व्हायचा आणि मी मोठ्यानं सांगायचे. आबा एक हात खिडकीत टेकवून चालवत होते. पहिली नोकरी लागल्यावर आजीला पहिल्यांदा याच रस्त्यानं तिच्या माहेरी, वाईला कसं नेलं होतं, ते सांगत होते. मध्येच विसरायचे, मध्येच हसायचे.

पाचवडचा फाटा दिसू लागला तेव्हा शेवटचा ठिपका हिरवा झाला.

“आबा, झाल्या सगळ्या चाचण्या,” मी म्हणाले. “आता मागे फिरलं तरी चालेल.”

आबांनी फोनकडे पाहिलं. मग वेग कमी केला आणि वाईच्या रस्त्याला गाडी वळवली.

“घरी फोन करून सांग,” ते म्हणाले, “आम्हाला यायला उशीर होईल.”