प्लग खिशात

दुकान रिकामं करायला मी संध्याकाळी एकटीच गेले. दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता, आणि मग मी आईला कायमची माझ्याकडे घेऊन जाणार होते. बाबांना जाऊन महिना होत आला होता. आईचा मात्र एकच हट्ट. "घराला कुलूप दिसलं तर ते कुठं जातील गं?" असं ती अगदी साधेपणानं विचारायची. ते आता येणार नाहीत, हे मी परोपरीनं सांगून पाहिलं, ती ढिम्म.

बाबा गवत कापायच्या मशिनी दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे पत्र्याची लांबट खोली. आत पेट्रोलचा, काळ्या तेलाचा आणि पात्यांना चिकटून वाळलेल्या गवताचा वास. फळीवर एक काचेची बरणी होती. पात्यात अडकून आलेल्या वस्तू बाबा तीत ठेवत: कानातला एक डूल, खेळण्यातल्या घोड्याचं अर्धं धड, कुणाच्या तरी दाराची किल्ली. "मालक आला की देऊ," म्हणायचे. मालक कुठले यायला! तरी बरणी दर वर्षी धुऊन पुसून पुन्हा भरली जायची. ती पिशवीत टाकताना मला रडूच फुटलं.

कोपऱ्यात शेवटची मशीन कलंडून ठेवलेली होती. तिचं काम करता करताच बाबा गेले. काम अर्धवट टाकलेलं त्यांना कधी खपलं नसतं, म्हणून मी फडक्यानं तिची धूळ झटकली, इंजिन पुसलं, त्याला ठिणगी देणारा वरचा प्लगसुद्धा पुसला आणि पाना हातात घेतला. पातं काढून त्याला धार लावू, एवढाच विचार होता.

बाबांचा एक नियम होता. पात्याला हात लावायच्या आधी प्लग काढायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. "प्लग खिशात, म्हणजे मशीन झोपली. जागी असली तर पातं हातानं फिरवलंस तरी उठेल, आणि बोटं घेऊन जाईल." लहानपणापासून हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण त्या संध्याकाळी डोळ्यांत पाणी होतं, भान नव्हतं. मी सरळ पातं धरलं आणि जोर लावून फिरवलं.

ते फिरलं... नको इतकं हलकं फिरलं.

तेव्हा कुठं आठवलं, आणि मी हात झटकन मागे घेतला. टाकीत पेट्रोल डुचमळत होतं. मी इंजिनकडे पाहिलं. प्लगची जागा रिकामी होती. आत्ताच तर मी तो पुसला होता... आणि माझ्या कुर्त्याच्या खिशात काहीतरी पोळत होतं. हात घातला. प्लगच होता. चालत्या मशीनमधून नुकताच काढावा तसा गरम.

"बाबा...?"

पाठीमागे कुणीतरी श्वास सोडला. जड ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो ना, तसा. मी वळले नाही. खरं सांगते, भीती वाटत होती. पण त्याहून जास्त वाटत होतं की तिथून हलूच नये.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती नुसती हसली. "मग? मी वेगळं काय सांगत होते?"

मी हात टेकले. "राहा तू इथंच, आई. नाही नेत तुला."

त्याच दिवशी सकाळी मीच भरून बंद केलेली तिची बॅग उपसायला मी चेन उघडली. कपड्यांच्या घड्यांवर बाबांचा चष्मा होता. चष्म्याशिवाय त्यांना दोन हातांवरचं दिसायचं नाही, म्हणून शेवटचा निरोप देताना मीच तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला होता. तो त्यांच्याबरोबरच गेला होता. आता उजव्या काचेवर तेलकट अंगठा उमटला होता, अजून ओला.

"आई... हा तू ठेवलास?"

"मी कशाला बॅगेला हात लावू? मला कुठं यायचं होतं?"

तिनं चष्मा हातात घेतला, बराच वेळ पाहिला. अंगठा पुसला मात्र नाही. तसाच घड्यांवर ठेवून तिनं स्वतःच चेन ओढली.

"उद्याच निघू," ती हळूच म्हणाली. "तेही येतायत."